स्क्रीन गेली? आधी निदान, मग ऑपरेशन!

पोटात दुखतंय म्हणून डॉक्टरकडे गेलात आणि त्याने पोटाला हातही न लावता 'ऑपरेशन करून टाकू' म्हटलं, तर काय कराल? सरळ उठून दुसरा डॉक्टर गाठाल. मग लॅपटॉपच्या बाबतीतच आपण एवढे भाबडे का होतो, राव? 'डिस्प्ले गेलाय' हे वाक्य 'पोटात दुखतंय'सारखंच आहे. त्यामागे सतराशे साठ कारणं असू शकतात, आणि त्यातली निम्मी स्वस्तातली असतात.

माझा लॅपटॉप आठ वर्षांचा. माणसाच्या हिशेबात रिटायरमेंटला आलेला, पण रॅम वाढवून, एसएसडी टाकून टुणटुणीत ठेवलेला. गेल्या पावसाळ्यात त्याच्या स्क्रीनने डोळे मिचकावायला सुरुवात केली. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने दोन मिनिटं बघितलं आणि निकाल दिला, "पॅनल गेलं, मॅडम. साडेनऊ हजार. त्यापेक्षा नवाच घ्या ना!" मी घरून भाषांतरं करते. लॅपटॉप बंद म्हणजे माझं दुकान बंद. चार दिवसांवर डेडलाइन, आणि नवा घ्यायचा तर वर्षभराचा ईएमआय मानगुटीवर. म्हणून 'उद्या सांगते' म्हणून उठले आणि एक संध्याकाळ तपासणीसाठी राखून ठेवली. त्या संध्याकाळी जे केलं आणि जे शिकले, ते हे असं.

फुकटातले उपाय आधी

स्क्रीन एकदम काळी झाली असेल, तर चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा. आत अडकलेला करंट निघून जातो आणि बरीच मशिन्स शहाण्यासारखी सुरू होतात. ब्राइटनेस चुकून शून्यावर गेलाय का, तेही बघा. विंडोज १० किंवा ११ असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर तेवढ्यापुरता नव्याने सुरू होतो.

आणखी एक गंमत. बऱ्याच लॅपटॉपमध्ये झाकण मिटलंय की नाही हे चुंबकावरून कळतं. त्यामुळे हातातल्या घड्याळाचा पट्टा किंवा फोनचं कव्हर चुंबकवालं असेल, तर ते नेमक्या जागी टेकल्यावर बिचाऱ्याला वाटतं, झाकण मिटलं. की स्क्रीन बंद!

टॉर्च आणि टीव्ही

मशीन चालू आहे, पंखा फिरतोय, पण स्क्रीन काळी? खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरपा मारा. आयकॉन अंधुक दिसले तर चित्र येतंय, फक्त मागचा उजेड गेलाय. २०१०च्या आसपासपर्यंतच्या पुष्कळ मशिन्समध्ये हा उजेड बारीक ट्यूब आणि इन्व्हर्टरच्या जिवावर चालायचा. नंतर एलईडी आले.

मग एचडीएमआयची केबल टीव्हीला लावा, विंडोज आणि पी दाबून 'डुप्लिकेट' निवडा. ही सगळ्यात मोलाची टेस्ट. टीव्हीवर चित्र स्वच्छ आलं, तर मदरबोर्ड आणि ग्राफिक्स चिप बहुधा ठीक आहे, दुखणं झाकणाच्या बाजूला आहे. आणि हो, चित्र दिसतंय तोवर आधी बॅकअप घ्या! मीही टीव्हीसमोर पाटावर बसून आधी तेच केलं. डेडलाइनचं कामही तिथेच पूर्ण झालं.

फोटो आणि बायोस

स्क्रीनवर रेघा असतील तर स्क्रीनशॉट काढा आणि मोबाइलवर उघडा. त्यातही रेघा दिसल्या तर भानगड सॉफ्टवेअरची किंवा ग्राफिक्सची. स्क्रीनशॉट स्वच्छ, तर संशय पॅनल किंवा केबलवर. दुसरी खूण बायोसची. मशीन सुरू होताना एफ-२ किंवा डिलीट दाबून (कंपनीप्रमाणे बटण बदलतं) बायोसमध्ये शिरा. तिथे विंडोज अजून सुरूच झालेलं नसतं. तिथेही फडफड होत असेल, तर ड्रायव्हर अपडेट करत बसण्यात अर्थ नाही.

माझा टीव्ही स्वच्छ, स्क्रीनशॉट स्वच्छ, बायोसमध्ये मात्र फडफड. राहिली शेवटची टेस्ट. झाकण हळूहळू पुढे-मागे केलं. एका ठरावीक कोनात चित्र शांत, जरा हलवलं की थयथयाट. म्हणजे पॅनलवर नव्हे, बिजागरीतून जाणाऱ्या डिस्प्ले केबलवर संशय! दिवसातून दहादा उघडझाप झाली की ती पिचते. २०१६च्या मॅकबुक प्रोमध्येही अशीच केबल झिजून स्क्रीन जायची. अॅपलने २०१९ मध्ये त्याच्या १३ इंची मॉडेलसाठी फुकट दुरुस्तीची योजना काढली. २०१८च्या मॉडेलमध्ये ती केबल लांब केलेली आढळली. किती? फक्त २ मिलिमीटर!

लॅमिंग्टन रोड झिंदाबाद

मी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. तिथल्या एका काकांना म्हटलं, "काका, टीव्हीवर ठीक आहे, झाकण हलवलं की फडफडतं." त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "अर्धं काम तूच करून आलीस की." केबल बदलली, मजुरीसकट चौदाशे रुपये. कुठे साडेनऊ हजार आणि कुठे हे!

पॅनलच गेलं असेल, तर नुसत्या लॅपटॉपच्या मॉडेलवर जाऊ नका. पॅनलच्या पाठीवरच्या स्टिकरचा नंबर, रेझोल्यूशन, आणि कनेक्टर ३० पिनचा की ४० पिनचा, हे जुळवूनच घ्या.

कधी हात जोडायचे?

टीव्हीवर, बायोसमध्ये, सगळीकडेच ठिपके आणि रेघा असतील, तर दुखणं ग्राफिक्स चिपचं असू शकतं. २००८ मध्ये एनव्हिडियाला लॅपटॉपमधल्या सदोष चिप्सपायी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले होते. अशी चिप हीट गनने तापवून 'जिवंत' करून देणारे भेटतील. ती जगतेही, पण बहुतेकदा थोडेच दिवस. तिथे पैसे घालू नका. टचपॅड वर आलाय, बूड फुगलंय असं दिसलं तर बॅटरी फुगलीय. मशीन लगेच बंद करा, चार्जिंग नको, दाबू-टोचू नका, थेट जाणकाराकडे न्या.

आणखी एक हिशेब. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. मशीन विंडोज ११ घेत नसेल, तर मोठा खर्च करण्यापूर्वी दोनदा विचार करा. लिनक्स टाकायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

नव्या लॅपटॉपला माझा विरोध नाही. पण तो आपल्याला हवा म्हणून यावा, कुणी घाबरवलं म्हणून नको. आणि आजपासून एक सवय लावून घ्या. झाकण कोपऱ्याला धरून उचलू नका, मधोमध धरून उघडा. बिजागरी दुवा देईल!