शाळेची चिठ्ठी

“मुलाची तपासणी करून घ्यावी,” अशी शाळेची चिठ्ठी गेली की आईबाप धास्तावतात. “बाई, आमचा मुलगा काय वेडा आहे?” हा सवाल मी शिक्षिका या नात्याने पुष्कळदा ऐकला आहे.

वेडा मुळीच नव्हे! तोंडी उत्तरे घडाघडा देणारा मुलगा वाचताना अडखळतो, फळ्यावरचे उतरवताना ओळी गाळतो. अशा वेळी आम्ही त्याच्या वह्या नीट पाहतो, जादा शिकवतो. तेवढ्याने भागले नाही, तरच चिठ्ठी. मग आधी डोळे आणि कान तपासतात. पुढे बुद्धिमापन, नंतर वाचन, लेखन, गणित यांच्या कसोट्या. बुद्धी चांगली, पण अक्षरांशी वैर, असे निघाले तर ती अध्ययन अक्षमता. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने ती मान्य केली, आणि लवकर ओळखण्याची जबाबदारी शाळांवर टाकली. दाखला मिळाला की परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक मागता येतो.

तेव्हा पालकहो, दाखल्याची लाज बाळगू नका. आळशी, मठ्ठ म्हणून रोज खावी लागणारी बोलणीच मुलाच्या मनाला अधिक खोल लागतात.