ग्रंथनाम लिहावं कसं?

आपल्या ग्वाल्हेरच्या इतिहासावर टिपण लिहायचं म्हणजे मराठी, हिंदी आणि इंग्रजी पुस्तकं एकाच पानावर येणार. इंग्रजीत शीर्षक कॅपिटल अक्षरांवरून ओळखू येतं; देवनागरीत ती सोयच नाही. “माझा प्रवास १९०७ साली छापला गेला” असं वाक्य आलं, की वाचणारा विचारतो, कोणाचा प्रवास? म्हणून देवनागरीत ग्रंथनाम एकेरी अवतरणचिन्हांत द्यावं. तिरका टाइप मला पसंत नाही, त्यात काना-वेलांट्या कलंडतात.

आता हा ‘माझा प्रवास’च घ्या. बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची बातमी ऐकून विष्णुभट गोडसे वरसईहून उत्तरेकडे निघाले आणि १८५७च्या धामधुमीत सापडले. १९०७ची आवृत्ती काढली चिंतामण विनायक वैद्यांनी (हे काही काळ ग्वाल्हेर संस्थानात सरन्यायाधीश होते, बरं का). त्यांनी मजकुरात फेरफार केले होते. पुढे दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून पुन्हा संपादन केलं. नाव मात्र दोन्हींचं तेच! तेव्हा संपादक आणि साल दिल्याशिवाय दाखला पडताळताच येत नाही. अमृतलाल नागरांचा हिंदी अनुवाद ‘आँखों देखा गदर’ याच पुस्तकाचा. दोन्ही नावं यादीत वेगवेगळी टाकून एकाच साक्षीदाराचे दोन केलेले मी पाहिलेत. अनुवादापुढे मूळ नाव लिहायचंच.

रोमन लिपीत मराठी नाव लिहिताना शिकागो मॅन्युअलची पद्धत सोपी आहे: पहिला शब्द आणि विशेषनामं कॅपिटल, बाकी लहान. म्हणजे ‘माझा’ मोठ्या अक्षराने, ‘प्रवास’ लहान. ‘झ’ कसा लिहायचा ते एकदा ठरवा आणि सगळीकडे तसाच ठेवा, नाहीतर शोधताना अर्धे दाखले हाती लागत नाहीत.

छापील शीर्षकातलं स्पेलिंग मात्र बदलायचं नाही. आपण मजकुरात ‘शिंदे’ लिहू. पण जदुनाथ सरकारांच्या १९३६च्या खंडावर ‘सिंधिया’ आहे, तर तिथे तेच. एच. जी. कीन यांचं पुस्तक तर जास्तच फसवं. १८९१ साली निघालेल्या त्या पुस्तकाच्या नावात ‘माधवराव सिंधिया’ आहे, आणि तेव्हा गादीवरही माधवरावच होते. पुस्तक आहे महादजींवर! शीर्षकाला हात न लावता, पुढे चौकोनी कंसात ‘महादजी शिंदे’ एवढं लिहावं. चौकोनी कंसातला मजकूर आपला, मूळ लेखकाचा नव्हे, हा संकेत अभ्यासकांना ठाऊक असतो.