साहेब, साधं संपलंय

सकाळचे पावणेनऊ. नाशिक फाट्यापासून मोशीपर्यंत गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि माझ्या गाडीचा काटा लाल रेघेला टेकला होता. वाटेतल्या एका पंपावर वळलो. नोझल हातात घेतलेला मुलगा म्हणाला, “साहेब, साधं संपलंय. प्रीमियम टाकू?” मागे कंपनीची बस हॉर्न वाजवत होती. मी मान हलवली. निघताना आरशात पाहिलं, तर शेजारच्या मशीनवर दुचाकीवाल्यांच्या टाक्यांत साधंच पडत होतं.

फसवणुकीचा राग चिंबळी फाट्यापर्यंत टिकला. पुढे कुतूहल वाटायला लागलं. लिटरमागे सातेक रुपये जादा मोजून मी नेमकं काय विकत घेतलं?

हा प्रश्न या पिंपरी-चाकण पट्ट्यात पडावा याची गंमत वाटते. इथे टेल्को आली, बजाज आली. मर्सिडीज १९९५ साली पिंपरीत टेल्कोच्या आवारात जुळू लागली आणि २००९मध्ये चाकणला गेली. त्याच वर्षी फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना सुरू झाला. गाड्यांचं प्रमाणीकरण करणारी एआरएआय १९६६पासून पुण्यात आहे, तिचं एक केंद्र चाकणलाही आहे. इतकं असूनही पाळी संपवून चहाच्या टपरीवर टेकलेला माणूस छातीठोक सांगतो, “प्रीमियम टाक, पिकअप वाढतो.” ऑक्टेन म्हणजे ताकद, हा समज दिवसभर इंजिनं हाताळणाऱ्यांतही घट्ट रुजलेला आहे.

ऑक्टेनचा आकडा सांगतो पेट्रोलची सोशिकता. सिलिंडरमध्ये पिस्टन वर येतो, पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं, स्पार्क प्लग ठिणगी टाकतो आणि ज्वाला एका बाजूने पसरत जाते. ती पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकलं, तर टिणटिण असा धातूचा आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो, इंजिन ठोकतंय. जे पेट्रोल असं अवेळी भडकत नाही, त्याचं ऑक्टेन जास्त. आयसोऑक्टेन या द्रव्याला १०० गुण, हेप्टेनला शून्य, आणि एका ठरावीक एक-सिलिंडरच्या इंजिनात बाकीच्यांची परीक्षा. लिटरभर पेट्रोलमध्ये उष्णता किती, याचा त्या गुणांशी संबंध नाही.

म्हणजे ज्या इंजिनाला ९१ पुरतं, ते ९५वर जोराने पळणार नाही. इंजिन टर्बोचं असेल, गाडी भरलेली असेल, एसी चालू असेल आणि मे महिन्यात बोरघाट चढायचा असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे नॉक सेन्सर ठोके ऐकतो आणि संगणक ठिणगी जरा उशिरा टाकतो. इंजिन वाचतं, थोडी ताकद जाते. सोशिक पेट्रोल असेल तर ठिणगी वेळेवर पडते. चाकणच्या तळेगाव चौकात पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये अर्धा तास रांगणाऱ्या गाडीला यातलं काहीच लागत नाही. तिथे इंजिनावर भारच नसतो, तर ठोके कुठून येणार? अमेरिकेतल्या ‘एएए’ या वाहनचालक संघटनेने २०१६मध्ये हिशोब मांडला होता. गरज नसलेल्या गाड्यांत प्रीमियम भरून तिथल्या लोकांनी वर्षभरात २१० कोटी डॉलर वाया घालवले होते.

आता खिशाचा हिशोब. साधं १०४ रुपये आणि फरक सात रुपये धरा. पैसे वसूल व्हायचे तर ॲव्हरेज पावणेसात टक्क्यांनी वाढलं पाहिजे, म्हणजे पंधराची गाडी सोळावर गेली पाहिजे. चिंचवडहून चाकणला रोज येऊन-जाऊन पन्नास किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, तर त्र्याऐंशी लिटर पेट्रोल लागतं आणि जादा जातात ५८० रुपये. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२०मध्ये १०० ऑक्टेनचं ‘एक्सपी १००’ आणलं, तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणे होतं. त्या वेळी लिटरचा दर १६० रुपयांच्या घरात होता, साध्याच्या पावणेदोन पट. तेवढं ॲव्हरेज वाढवणारं पेट्रोल अजून जन्माला यायचंय.

हे सगळं पाच वर्षांपूर्वीही खरं होतं. पण मधल्या काळात साधं पेट्रोलच बदललं, आणि ते पंपावर कोणी सांगत नाही.

बीएस-६च्या मानकांत साध्याला किमान ९१ ऑक्टेन आणि प्रीमियमला ९५, अशी वर्गवारी होती. त्यात आपल्या उसाच्या मळीने आणि रसाने उडी घेतली. २० टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट मुळात २०३०चं होतं. ते अलीकडे ओढलं आणि २०२५मध्ये गाठलंही. ज्या राज्यात साखर कारखान्यावरून आमदार ठरतो, तिथे या घाईचं कारण समजावून सांगायला नको. इथेनॉलचे कारखाने उभारून देणारी प्राज ही कंपनीही पुण्याचीच. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५च्या खुलाशात इथेनॉलचं ऑक्टेन सुमारे १०८.५ आणि मूळ पेट्रोलचं ८४.४ असल्याचं सांगितलं. २० टक्के मिश्रणामुळे साध्या पेट्रोलचं ऑक्टेन ९५वर गेलं, असंही त्याच खुलाशात आहे.

पुन्हा वाचा. ९५. प्रीमियमच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत असतो, तोच आकडा. सरकारचं म्हणणं खरं मानलं, तर ९५च्या नावाने जादा सात रुपये घेण्याचा आधारच गेला. सरकार साध्याची ९५ म्हणून जाहिरात करतं आणि सरकारी कंपन्या ९५ला प्रीमियम म्हणून विकतात. दोन्ही एकाच छपराखाली!

ऑक्टेन वाढलं तरी ॲव्हरेज वाढलेलं नाही, उलट घटलं आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच हे लिहिलेलं आहे. मूळची बिनइथेनॉलची रचना आणि ई-१०ला (१० टक्के इथेनॉलला) जुळवलेलं इंजिन असलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ई-२०वर ६ ते ७ टक्के कमी होईल, ई-१०साठी बनवून ई-२०ला जुळवलेल्या गाडीचं १ ते २ टक्के. बिनइथेनॉलच्या पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ला फेटाळली. ऑक्टेन वर आणि ॲव्हरेज खाली, हे एकाच टाकीत घडताना पाहिल्यावर तरी ‘ऑक्टेन म्हणजे ताकद’ हा समज सुटायला हरकत नाही.

मग प्रीमियममध्ये उरतं काय? इंजिन साफ ठेवणारं रसायन. ते थोतांड नाही. पण जुन्या पद्धतीच्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जातं, तिथे ते व्हॉल्व्ह धुतं. फोक्सवॅगनच्या चाकणमधल्या टीएसआयसारख्या टर्बो इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हवरच्या काजळीपर्यंत ते रसायन पोचतच नाही. इंजेक्टर तेवढे साफ राहतात. गंमत अशी, की टर्बोवाले हौशी मालकच प्रीमियमचे सगळ्यात मोठे भक्त.

माझं मत सरळ आहे. साध्या इंजिनाच्या हॅचबॅकला, रोज ये-जा करणाऱ्या सेडानला प्रीमियम नको. कंपनीने ९७ किंवा ९८ मागितलं असेल, अशा मोजक्या महागड्या गाड्यांना ९५च्या वरचं द्यावं लागेल. टर्बो गाडीत भरउन्हाळ्यात घाट चढताना ठोके ऐकू येत असतील, तर एखादी टाकी भरून फरक बघा. जुनी गाडी सपाटीवरही ठोकत असेल, तर आधी मेकॅनिककडे न्या. आत काजळी साचली असेल किंवा टायमिंग चुकलं असेल, त्यावर सात रुपयांचा उतारा चालत नाही.

पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला बहुतेक गाड्यांत एक स्टिकर असतो. किमान ऑक्टेन किती आणि इथेनॉल किती चालेल, हे त्यावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. पुढच्या वेळी मीटर झिरो बघण्याआधी तो वाचा, आणि साधं संपलंय म्हणाले, तर दोन किलोमीटर पुढे दुसरा पंप आहे.