साक्ष एकासमोर, निकाल दुसऱ्याकडून

नागपूर-अमरावती महामार्गावरचं तळेगाव (श्यामजी पंत) वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात येतं. अशा तालुक्यातली भांडणं कोर्टाच्या बोर्डावर चढतात ती साधीच: कुणी शेताचा धुरा कोरला, कुणाचा चेक वटला नाही, ट्रकने दुचाकी उडवली. शिवाय या जिल्ह्यात १९७५पासून दारूबंदी, म्हणून दारू पकडल्याचे खटले वेगळे.

ही भांडणं ऐकणारा अधिकारी पुष्कळदा तिशीच्या आतबाहेरचा असतो. तोच दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, आणि तोच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. तीन वर्षांपर्यंत कैद देण्याचा अधिकार त्याच्या हाती असतो. लोकसेवा आयोगाची परीक्षा, उत्तनच्या न्यायिक अकादमीत प्रशिक्षण, मग तालुका. अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश असताना, २० मे २०२५ रोजी, त्यांच्या पीठाने या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. योग्यच केलं. साक्षीदार उलटतपासणीत कसा गडबडतो, हे पुस्तक वाचून कळत नाही.

पुकारा होतो. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून शपथ घेतो आणि वऱ्हाडीत बोलू लागतो. न्यायाधीश ऐकता ऐकता वाक्य सांगतो, ते संगणकावर उतरतं. ‘नाही’ म्हणण्याआधी माणूस किती थांबला, मागे बसलेल्या भावाकडे त्याने पाहिलं का, हे निकाल देणाऱ्यांपैकी याच एकाला दिसतं. हावभावांवर शेरा लिहायची मुभा कायद्यात आहे. तरी अपिलात पोचतो तो कागदच.

आणि साधारण तीन वर्षांनी बदली. फौजदारी खटल्यांत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६५नुसार नवा न्यायाधीश आधीच्याने नोंदवलेल्या साक्षीवर निकाल देऊ शकतो. गरज वाटली तर साक्षीदाराला परत बोलावता येतं, पण तुंबलेल्या बोर्डावर तेवढी सवड कुठली?

अमेरिकेतल्या फेडरल जिल्हा न्यायाधीशाची नेमणूक आजन्म असते. तरी आपल्याकडे बदल्या हव्यातच. एका गावात फार मुरलेला न्यायाधीश कुणालाच नको.

याच जिल्ह्यात हिंगणघाटला ३ फेब्रुवारी २०२० रोजी तरुण प्राध्यापिकेला पेटवून देण्यात आलं. आठवड्याने ती गेली. १० फेब्रुवारी २०२२ रोजी आरोपीला जन्मठेप झाली. म्हणजे मधल्या कोरोनाकाळासकट दोन वर्षांत, एका बदलीच्या आत, खटला संपू शकतो. धुऱ्याच्या दाव्यासाठी मात्र अशी घाई कुणी करत नाही.

म्हणून उच्च न्यायालयाने बदल्यांची यादी करताना एवढं पाहावं: ज्या खटल्यात साक्षी संपून फक्त युक्तिवाद उरला आहे, तो त्या साक्षी ऐकणाऱ्या न्यायाधीशाच्या हातूनच निकाली निघावा.