कचेरीची फेरी वाचविणाऱ्या मोफत सोयी

बऱ्हाणपूर जिल्ह्यातील केळी-उत्पादक शेतकऱ्याला जमिनीचा उतारा पाहावयाचा असो, वा यंत्रमाग कामगाराला मुलाची गुणपत्रिका हवी असो, तालुक्याच्या एका फेरीत त्याचा दिवस मोडतो. यांपैकी पुष्कळशी कामे आता भ्रमणध्वनीवर विनाशुल्क होतात. माहितीअभावी मात्र अनेकजण त्यासाठी दुकानदाराला पैसे मोजतात. म्हणून या सोयींची ही थोडक्यात ओळख.

कागदपत्रांची पेटी

केंद्र शासनाने २०१५ मध्ये ‘डिजिलॉकर’ सुरू केले. वाहनचालक परवाना, परीक्षा मंडळाची गुणपत्रिका इत्यादी दस्तऐवज संबंधित खात्याकडून थेट तेथे मिळतात. २०१६ च्या नियमांनुसार अशा दस्तऐवजांना मूळ कागदाइतकीच मान्यता आहे. आपण स्वतः छायाचित्र काढून ठेवलेल्या कागदाला मात्र ती नाही, हा भेद ध्यानात ठेवावा.

जमीन आणि बाजारभाव

मध्य प्रदेशच्या ‘भूलेख’ संकेतस्थळावर जिल्हा, तहसील व गाव निवडून खसरा आणि खतौनी पाहता येते. ज्यांची शेती सीमेपलीकडे रावेर तालुक्यात आहे, त्यांना महाराष्ट्राच्या ‘महाभूलेख’वर सातबारा दिसतो. नुसते पाहण्यास शुल्क नाही. अंकीय स्वाक्षरीची प्रत हवी असल्यास ठरावीक शुल्क भरावे लागते. देशभरातील कृषी बाजारांचे भाव ‘ॲगमार्कनेट’वर मिळतात. माल विकण्यापूर्वी ते पाहिल्यास व्यापाऱ्याशी बोलताना शेतकऱ्याची बाजू भक्कम होते.

भाषेची अडचण

आपल्याकडे अर्ज हिंदीत, तर सीमेपलीकडचा सातबारा मराठीत, अशी स्थिती आहे. २०२२ मध्ये सुरू झालेली ‘भाषिणी’ ही शासकीय सेवा भारतीय भाषांत अनुवाद करून देते. तथापि यंत्राचा अनुवाद अर्थ समजण्यापुरताच मानावा. सही करण्यापूर्वी जाणकारास मूळ कागद दाखवावा.

सावधगिरी

हुबेहूब दिसणारी बनावट संकेतस्थळे निर्माण करून लोकांना फसविले जाते. शासकीय संकेतस्थळाच्या नावाचा शेवट सामान्यतः ‘जीओव्ही डॉट इन’ असा असतो, तो तपासून घ्यावा. भ्रमणध्वनीवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नये. फसवणूक होऊन पैसे गेल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे; जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी. आपल्या नावावर किती भ्रमणध्वनी क्रमांक चालू आहेत, हे २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘संचार साथी’वर पाहता येते.

ज्यांच्याजवळ असा भ्रमणध्वनी नाही, त्यांच्यासाठी लोकसेवा केंद्रे आहेतच. लोकसेवांची कालबद्ध हमी देणारा कायदा २०१० मध्ये करणारे मध्य प्रदेश हे देशातील पहिले राज्य होय. केंद्रात अर्ज दिल्यावर पावती अवश्य घ्यावी.

सातपुड्याच्या पायथ्याशी भूगर्भात पाणी होतेच; सतराव्या शतकात कुंडी भंडाऱ्याने ते बऱ्हाणपूरच्या वस्तीपर्यंत आणले. या सोयींचेही तसेच आहे. शिक्षक, ग्रामसेवक आणि शिकलेल्या मुलांनी त्या शेजारच्या घरापर्यंत पोहोचवाव्यात.