बालपणीचे स्वमग्नतेचे निदान आणि प्रौढपणीची शंका

स्वमग्नता किंवा ऑटिझम या अवस्थेविषयी जे विवेचन होते, त्याचा रोख बहुधा लहान मुलाकडे आणि त्याच्या मातापित्यांकडे असतो. परंतु ज्या मुलांच्या बाबतीत १९९० नंतरच्या दशकात, वयाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी हे निदान झाले, ती मुले आज तिशीच्या आसपास आहेत. त्यांपैकी काहींच्या मनात एक निराळाच प्रश्न उभा राहतो. आपणांस नोकरी आहे, मित्र आहेत, संभाषणात अडत नाही. तर मग लहानपणी आपल्याविषयी जे ठरविले गेले ते चुकले होते काय? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे. त्या एका शब्दावरून शाळा निवडली गेली, घरात कोणी किती अपेक्षा करावी हे ठरले, आणि स्वतःच्या प्रत्येक संकोचाचा अर्थ ती व्यक्ती त्याच शब्दाच्या आधारे लावीत आली.

या प्रश्नात तीन निरनिराळे प्रश्न गुंतलेले आहेत. तेव्हाच्या निकषांप्रमाणे निदान चुकीचे होते काय, हा पहिला. ते निकषच पुढे बदलले काय, हा दुसरा. आणि निदान बरोबर असूनही ती व्यक्तीच पालटली काय, हा तिसरा. शंका घेणारा सामान्यतः आजची आपली स्थिती पाहून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊ पाहतो, आणि घोटाळा येथेच होतो.

निकषांच्या बदलाची गोष्ट प्रथम पाहू. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये बाल्टिमोर येथे अकरा मुलांचे जे वर्णन केले, त्यापासून या अवस्थेच्या सीमा सतत हलत आल्या आहेत. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या १९८० च्या आवृत्तीत हे निदान पुष्कळ संकुचित होते. १९९४ च्या आवृत्तीत ते विस्तारले आणि अ‍ॅस्पर्गर विकाराची त्यात भर पडली. याच आवृत्तीत एक चमत्कारिक दोष राहून गेला. ज्या मुलांस मुख्य निकष पूर्णपणे लागू पडत नसत, त्यांच्यासाठी ठेवलेल्या शेष वर्गाच्या वर्णनात जेथे दोन लक्षणे एकत्र असण्याची अट हवी होती, तेथे ‘किंवा’ हा शब्द पडला. परिणामी सामाजिक व्यवहारातील उणीव नसतानाही, केवळ बोलण्यातील दोषावरून, मूल त्या वर्गात बसू शकत होते. ही चूक २००० च्या सुधारित पाठात दुरुस्त झाली. मधल्या सहा वर्षांत या शेष वर्गात नोंदल्या गेलेल्या प्रौढाने शंका घेतली, तर तिला निश्चित आधार आहे, असे आम्हांस वाटते. याशिवाय त्या आवृत्तीप्रमाणे स्वमग्नता आणि अवधान-न्यूनता ही दोन्ही निदाने एकाच मुलास देता येत नसत. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने ती मुभा दिली. याच आवृत्तीने पूर्वीचे पोटभेद मोडून एकच ‘स्वमग्नता वर्णपट’ केला; मात्र ज्यांचे जुने निदान सुस्थापित आहे त्यांस नवे निदान द्यावे, अशी टीपही जोडली. म्हणजे कित्येकांच्या बाबतीत पुनर्तपासणी न होताच केवळ नाव बदलले.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. खरी गुंतागुंत येथे आहे. निदान बरोबर होते आणि तरीही व्यक्ती पालटली, हे संभवते काय? कनेक्टिकट विद्यापीठातील डेबोरा फाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८ ते २१ वर्षे वयाच्या अशा ३४ व्यक्ती होत्या की ज्यांस बालपणी स्वमग्नतेचे निदान झाले होते, परंतु ज्यांच्यात आता तिची लक्षणे उरली नव्हती. त्यांची तुलना ४४ स्वमग्न आणि ३४ सर्वसामान्य व्यक्तींशी केली गेली. ‘यांचे मूळ निदानच चुकले असेल’ हा आक्षेप येणार, हे संशोधकांनी ओळखले होते. त्यांनी पाच वर्षांच्या आतले लेखी अहवाल मागविले, त्यांतून निदान आणि निष्कर्ष खोडून वर्तनाचे वर्णन तेवढे ठेवले, अन्य विकार असलेल्या मुलांचे अहवाल त्यांत मिसळले, आणि जिला यातले काही ठाऊक नाही अशा तज्ज्ञ व्यक्तीकडून ते तपासून घेतले. ही रीत निष्कर्षापेक्षाही आम्हांस अधिक बोधप्रद वाटते. असा पालट काही थोड्यांच्याच बाबतीत घडतो, आणि या ३४ जणांतील सामाजिक लक्षणे आरंभीच तुलनेने सौम्य होती, हेही ध्यानी घ्यावयास हवे. पुढील तपासणीत त्यांच्यापैकी काहींत अवधानाच्या अडचणी आणि विशिष्ट भीती आढळल्या.

शिवाय लक्षणे नाहीशी होणे आणि झाकली जाणे यांतही भेद आहे. समोरच्याच्या नजरेला नजर किती वेळ द्यावी, विनोदावर केव्हा हसावे, हे कित्येकजण गणिताप्रमाणे शिकून घेतात. पाचव्या आवृत्तीने अशा शिकलेल्या युक्त्यांमुळे लक्षणे दडू शकतात हे मान्य केले असून, लक्षणे आज नसून पूर्वेतिहासात असली तरी ती विचारात घेण्यास सांगितले आहे. दिवसभर कचेरीत नीट वावरून संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत निपचित पडणाऱ्या माणसास ‘तुमचे निदान चुकले होते’ असे सांगणे घाईचे ठरेल.

भारतात या प्रश्नास कायद्याचीही बाजू आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कविषयक अधिनियमातील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश असून, प्रमाणपत्रासाठी ४० बाबींची भारतीय मापनश्रेणी वापरली जाते. तीत ७० हून कमी गुण आल्यास स्वमग्नता नाही असे मानतात. परंतु या श्रेणीने आजचे वर्तन मोजले जाते. तिशीतील व्यक्तीस ६५ गुण पडले, म्हणजे तिसऱ्या वर्षीचे निदान खोटे होते, असे अनुमान त्यातून निघत नाही.

तेव्हा शंका घेणाऱ्याने निदानाचा शब्द बाजूस ठेवून त्यामागचे वर्णन शोधावे. किती वर्षांचे असताना पाहिले? श्रवणाची तपासणी झाली होती काय? मूल बोट दाखवून वस्तू दाखवीत असे काय, ऐकलेले शब्द तसेच परत उच्चारीत असे काय? आईवडिलांच्या आठवणी येथे उपयोगी असल्या तरी त्यांवर निदानाची छाया पडलेली असते. आणि ‘तुझा बापही चार वर्षांचा होईतो बोलला नव्हता’ या आजीच्या साक्षीचाही अर्थ दोन्ही बाजूंनी लागतो, कारण ही अवस्था बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे. लेखी पुराव्याची स्थिती तर बिकटच. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे आंतररुग्णांची कागदपत्रेसुद्धा तीन वर्षेच जपण्याचे बंधन आहे. आणि अशा मुलांची तपासणी बहुधा बाह्यरुग्ण विभागात झालेली असते. बालवाडीचे प्रगतिपुस्तक, वाचा-उपचारकाच्या नोंदी, वाढदिवसाची एखादी चित्रफीत, असे जे काही घरच्या कपाटात उरले असेल, तेच मूळ साधन होय. ते रद्दीत जाण्यापूर्वी मागून घ्यावे.