बाळंतिणीच्या खोलीतील उदासी

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे वार्षिकासाठी लेख द्यावयाचा म्हटल्यावर बहिणाबाई चौधरींवर किंवा जात्यावरच्या ओव्यांवर लिहावे असे प्रथम मनात होते. परंतु गेले पाच महिने ज्या गोष्टीने माझे मन व्यापले आहे, ती टाळून दुसरे काही लिहिणे प्रामाणिकपणाचे वाटेना. विषय थोडा संकोचाचा आहे. गुरुजनांनी आणि विशेषतः वर्गबंधूंनी तो समजुतीने वाचावा, एवढीच विनंती.

माझे वय एकोणीस. प्रथम वर्षाला असताना, अठरा पूर्ण झाल्यावर, माझे लग्न झाले आणि नरडाण्याला सासरी राहून मी शिक्षण चालू ठेवले. गेल्या भाद्रपदात मला मुलगी झाली. पहिले बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे मी तापीपलीकडे शिरपूर तालुक्यातील आमच्या खेड्यात होते. डिंकाचे लाडू, शेक, धुरी, कशाचीही उणीव नव्हती. सासरी मात्र पेढ्यांऐवजी बर्फी वाटली गेली, आणि तीही अर्ध्याच गल्लीला पुरली असे नंतर कानावर आले.

तिसऱ्या दिवसापासून मला कारण नसता रडू येऊ लागले. आई म्हणे, "रडू नको व माय, दूध आटी जाई." आजीने मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. दोघींच्याही मायेबद्दल मला शंका नाही. परंतु हे रडू कशाने येते हे आता मला ठाऊक झाले आहे. गरोदरपणी शरीरात इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके फार वाढलेली असतात. वार पडली की एकदोन दिवसांतच ती एकदम उतरतात. त्यात जागरण, अशक्तपणा आणि नव्या जबाबदारीचे भय. निम्म्याहून अधिक बाळंतिणींना या दिवसांत असे भरून येते व साधारण दोन आठवड्यांत ते आपोआप ओसरते. त्याला औषध लागत नाही, झोप आणि आधार लागतो.

माझे ओसरले नाही. महिना झाला तरी मुलगी झोपली असतानाही मला झोप येत नसे. तिचे रडणे दुसऱ्या कोणाच्या घरातून आल्यासारखे वाटे. एका रात्री असा विचार आला, की मी नसले तर हिला आई अधिक चांगली वाढवील. त्या विचाराची मला इतकी भीती वाटली, की दिवा लावून पहाटेपर्यंत बसून राहिले. सांगणार कोणाला? पोटच्या लेकराचा आनंद न होणाऱ्या बाईला लोक काय म्हणतात हे मी लहानपणापासून ऐकत आले होते.

दवाखान्यात प्रसूती झाल्यावर आशाताईंच्या घरी सहा भेटी ठरलेल्या असतात: 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. बाळाचे वजन, अंगाचा ताप, नाळ, अंगावरचे पिणे हे सारे त्या पाहतात. शेवटच्या भेटीत वजनकाटा पिशवीत ठेवता ठेवता आमच्या आशाताईंनी विचारले, "आन् तू कशी शेस?" बेचाळीस दिवसांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी इतका वेळ रडले, की त्यांचा चहा निवून गेला.

त्यांनीच मला डॉक्टरांकडे नेले. या आजाराला प्रसूतिपश्चात नैराश्य म्हणतात हे तेथे कळले. डॉक्टरीणबाईंनी दहा प्रश्न विचारले. ही प्रश्नावली 1987 साली स्कॉटलंडमध्ये तयार झाली असून गेल्या सात दिवसांत हसू आले का, विनाकारण स्वतःला दोष दिला का, झोप लागली का, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटले का, असे साधे प्रश्न तीत आहेत. दूध येते का, हा प्रश्न तीत नाही!

पुढे आमच्या मानसशास्त्राच्या बाईंनी मला गोव्यातील एका अभ्यासाविषयी सांगितले. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील जिल्हा रुग्णालयातील 270 गरोदर स्त्रियांची निवड करून प्रसूतीनंतरही त्यांची विचारपूस केली व 2002 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के मातांना नैराश्य होते, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. गरिबी, नवऱ्याशी बिनसलेले संबंध आणि मुलगी होणे, यांचा या आजाराशी संबंध आढळला. म्हणजे सारा दोष संप्रेरकांच्या माथी मारून चालणार नाही. ती अर्धी गल्ली मला तेव्हा आठवली.

मला औषध द्यावे लागले नाही, दर आठवड्याला बोलावले. पुष्कळ जणींना औषध लागते. अंगावर पाजणाऱ्या मातेला चालतील अशी औषधे आहेत, आणि ती डॉक्टरांनीच ठरवावयाची असतात. यजमानांना समोर बसवून डॉक्टरीणबाईंनी सारे समजावले, तेव्हापासून ते फोनवर मुलीच्या आधी माझी चौकशी करू लागले. रात्री दहाचे पाजून झाले की आई मुलीला घेई आणि मला दोनपर्यंत सलग झोपू देई. त्या चार तासांनी जे केले ते लाडवांनी केले नव्हते. मैत्रिणीने वह्या पाठविल्या. मुलीला मांडीवर घेऊन रोज एक पान मोठ्याने वाचावयाचे असे मी ठरविले. तिला भाषाविज्ञान आवडले असावे, कारण ती लगेच झोपे.

बरे होणे सरळ रेषेत मात्र होत नाही. चंपाषष्ठीच्या सुमारास सासरी परतल्यावर पुन्हा आठ दिवस वाईट गेले. त्या वेळी मी लपविले नाही, एवढाच फरक.

एक गोष्ट वेगळी सांगावयास हवी. हजारात एखाददुसऱ्या बाळंतिणीला भास होतात, बोलण्यात ताळमेळ राहात नाही. तेव्हा किंवा स्वतःच्या वा बाळाच्या जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येऊ लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ऑक्टोबर 2022 पासून सरकारची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवाही आहे. तिचा क्रमांक 14416 असून मराठीतही बोलता येते.

हा लेख छापावयास देण्यापूर्वी मी आईला वाचून दाखविला. ती चौथीपर्यंत शिकलेली आहे. सारे ऐकून घेतल्यावर बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, की माझ्या जन्मानंतर दोन महिने ती विहिरीवर एकटी जात नसे, शेजारणीला मुद्दाम सोबत घेई. शेजारणीला वाटे, हिला घागर उचलवत नाही. का, म्हणून मी विचारले, तेव्हा ती झोळी हलवावयास उठून गेली.